साठ बोंबील, पाच वाटे

व्हिडिओ मीच टाकला. हे आधी सांगून टाकते, कारण नंतर शाळेत जो तो म्हणायला लागला की विशाल सरांनी टाकला, आणि मीही दोन दिवस त्यांना तसं म्हणू दिलं. शूट सरांनी केला होता, कापलाही त्यांनीच. पण शाळेच्या पेजवर चढवणारं बोट माझं. मरोळहून रिक्षाने शाळेत येताना, एका सिग्नलला, आवाज बंद ठेवून मी त्याचे पहिले दहा-बारा सेकंद पाहिले. निशा तांडेल फळ्याजवळ उभी, दोन वेण्या, चेहरा गंभीर. छान दिसत होती. मी वर लिहिलं, ‘आमच्या निशाचं भन्नाट गणित’, पुढे हसणारी तीन तोंडं टाकली आणि फोन पर्समध्ये ठेवला.

मी द्रौपदी खिल्लारे. खारदांड्यातल्या एका लहानशा मराठी शाळेची मुख्याध्यापिका. पहिली ते आठवी, दोनशे चाळीस मुलं, त्यातली निम्मी कोळीवाड्यातली. एकतीस वर्षं शिकवते आहे. तापट आहे, असं माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही, पण स्टाफरूममध्ये म्हणतात आणि माझ्या केबिनची भिंत पातळ आहे.

शाळेला पेज असावं हा ध्यास आमच्या संस्थेचे सचिव अंबादासराव यांचा. जूनच्या मीटिंगमध्ये त्यांनी आम्हा सगळ्यांना पलीकडच्या इंग्रजी शाळेचं पेज दाखवलं. तिथे रोज काहीतरी नवीन. आमच्या पेजवर पंधरा ऑगस्टचा एक फोटो, तोही वाकडा. मग फर्मान निघालं. रोज एक व्हिडिओ, तीस सेकंदांच्या आत, कारण त्यापुढे कुणी बघत नाही म्हणे. शूटिंगचं काम विशाल सरांच्या गळ्यात पडलं. अठ्ठावीस वर्षांचा उत्साही मुलगा, सातवीला गणित शिकवतो आणि मनापासून शिकवतो. मुख्याध्यापकांनी बघितल्याशिवाय काही जायचं नाही, म्हणून चढवायचं काम माझ्याकडे. चार महिने आम्ही रांगोळी टाकली, हात धुणं टाकलं, एकच रोप तीनदा लावून टाकलं. बघणारे साठ-सत्तर. त्यात निम्मे आम्हीच आणि उरलेले अंबादासरावांचे पाहुणे.

निशाच्या व्हिडिओत एवढंच होतं. विशाल सर विचारतात, “साठ बोंबलांचे पाच सारखे वाटे केले, तर एका वाट्यात किती?” मासळी बाजारात कोळणी छोट्या मासळीचे ढीग लावून विकतात, त्याला वाटा म्हणतात. दांड्याच्या मुलांना भागाकार समजावा म्हणून सरांनी मुद्दाम ते उदाहरण घेतलं होतं. निशा क्षणभर विचार करते आणि म्हणते, “कुठल्यात दहा, कुठल्यात चौदा.” वर्ग हसतो. सर म्हणतात, “अगं, सारखे म्हटलं ना मी?” निशा ठामपणे म्हणते, “हो. सारखेच.” तिथे व्हिडिओ संपतो. सत्तावीस सेकंद.

मंगळवारी सकाळी मी तो टाकला. संध्याकाळी लोकांना हसवण्याचा धंदा करणाऱ्या एका मोठ्या पेजने तो उचलला, मागे गाढवाचा आवाज जोडला आणि वर लिहिलं, ‘मराठी शाळा, सातवी पास’. गुरुवारपर्यंत चार लाख लोकांनी पाहिला. खाली काय काय लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. एकच सांगते. कुणीतरी विचारलं होतं, ही मोठी होऊन करणार काय? आणि खाली शेकडो लोकांनी एकच उत्तर दिलं होतं, मासे विकणार. जणू ते काहीतरी हसण्यासारखं काम आहे.

अंबादासरावांचा फोन आला. मला वाटलं झापणार. माणूस खूश होता.

“मॅडम, चार लाख! पाच वर्षांत शाळेचं नाव एवढ्या लोकांनी घेतलं नव्हतं. असंच चालू ठेवा.”

“सर, मुलगी शाळेत येत नाहीये.”

“येईल हो. दोन दिवसांत लोक विसरतात.”

निशा बुधवारपासून आली नव्हती.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी डबा बाजूला सारला आणि कमेंटना उत्तरं द्यायला बसले. शुद्ध भाषेत, मुद्देसूद. ‘महाशय, एका निष्पाप बालिकेविषयी असे उद्गार काढताना आपणांस’ वगैरे. सत्तावीस जणांना लिहिलं. तासाभरात माझ्या ‘महाशय’चा फोटो काढून लोकांनी तोही फिरवायला घेतला. मग मी चिडून व्हिडिओच काढून टाकला, पेजवरून आणि माझ्या फोनमधूनही. त्याने एवढंच झालं की जगात फक्त आमच्या पेजवर तो दिसेनासा झाला, बाकी सगळीकडे होता.

मला त्या दिवशी माझी सहावी आठवत होती. हिंगोली जिल्ह्यातलं गाव, आमच्या वस्तीतून शाळेत जाणारी मी तिसरी मुलगी. गुरुजींनी काहीतरी विचारलं, मी काहीतरी सांगितलं, आणि अख्खा वर्ग हसला. काय सांगितलं होतं ते आता आठवत नाही, हसणं आठवतं. मी आठ दिवस शाळेत गेले नाही. नवव्या दिवशी बाबा मला घेऊन गेले आणि गुरुजींना म्हणाले, “हिला बसवून घ्या, मी इथं दारात उभा हाय.” आणि तास संपेपर्यंत खरोखर दारात उभे राहिले. कुणी हसलं नाही. माझ्यावर हसणारे चाळीस होते. निशाच्या बाबतीत मी ते चार लाख करून ठेवले होते, आणि दारात उभं राहायचं तर कुठल्या दारात, हेच मला समजत नव्हतं.

शनिवारी मी विशाल सरांना केबिनमध्ये बोलावलं.

“सर, हा तुम्ही सत्तावीस सेकंदांचा केलात. मुळात केवढा होता?”

“दीड मिनिटाचा, मॅडम. तीसच्या आत बसवायचा होता ना, म्हणून तिचं पुढचं बोलणं कापलं.”

“पुढे काय बोलली ती?”

सर खिशातून फोन काढत म्हणाले, “मॅडम, खरं सांगू? मी पण नीट ऐकलं नाही तेव्हा. बेल झाली होती.”

त्यांच्या फोनमध्ये मूळ व्हिडिओ होता. आम्ही दोघांनी ऐकला. “हो. सारखेच,” म्हटल्यावर निशा थांबलीच नव्हती. पुढे सरळ सांगत होती, “मोठे बोंबील असले तर दहा टाकायचे सर, बारीक असले तर चौदा. तेव्हा ते सारखे होतात. सगळीकडे बारा बारा टाकले तर ज्याला बारीक मिळतील तो भांडेल ना? मग आई परत वाटे मोडते.”

मी तो तीनदा ऐकला. एकतीस वर्षं शिकवते आहे मी, आणि मला लाज वाटली. पोरगी चुकली नव्हतीच. आमच्या प्रश्नातले बोंबील एका मापाचे होते, आणि तसे बोंबील समुद्रात नसतात.

“हा अख्खा टाकू, मॅडम?” सर म्हणाले.

टाकावासा मलाही वाटत होता. पण एकदा न विचारता टाकून बघितलं होतं. मी म्हटलं, “आधी माझं तोंड टाका.” खुर्चीत बसून, फोनकडे बघून, कागद न घेता बोलले. “मी मुख्याध्यापिका द्रौपदी खिल्लारे. आमच्या एका विद्यार्थिनीचा व्हिडिओ मी तिला आणि तिच्या आईला न विचारता टाकला. स्वतः पूर्ण पाहिला नाही, ऐकला नाही. तिचं उत्तर अर्धं कापलं गेलं. पूर्ण उत्तर बरोबर होतं. चूक शाळेची, म्हणजे माझी. मी तिची माफी मागते.” छत्तीस सेकंद झाले. अंबादासरावांची मर्यादा मोडून मी तो तसाच टाकला. रविवार सकाळपर्यंत तीनशे बारा लोकांनी पाहिला.

रविवारी सकाळी दहा वाजता मी दांड्याच्या बाजारात गेले. निशाची आई मथुरा तांडेल तिथे बसते. छत्रीखाली पाटी, बाजूला बर्फाचा खोका, समोर गिऱ्हाइकांची ही गर्दी. मी पंधरा मिनिटं उभी राहिले. तिने मान वर केली नाही. सुरी चालत होती, हात चालत होते, एकीकडे फोनवर कुणाला तरी पापलेट राखून ठेवल्याचं सांगत होती. शेवटी माझ्याकडे न बघताच म्हणाली, “बाई, आज रविवार हाय. माझा धंद्याचा टाइम. सोमवारी या.”

मी बाजूला झाले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून मला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी पालकसभा रविवारी घेते, कारण रविवारी लोकांना सुट्टी असते. लोकांना सुट्टी असते म्हणून तर ते मासे घ्यायला येतात. सोमवारी बरेचजण खात नाहीत, तेव्हा बाजार रिकामा असतो. आणि मी दरवर्षी अहवालात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहीत आले आहे, ‘कोळीवाड्यातील पालक शिक्षणाबाबत उदासीन.’

सोमवारी शाळा सुटल्यावर मी गेले. सरांना सोबत घेतलं, कारण माफी त्यांनाही मागायची होती. बाजार खरंच सुस्त होता. चार-पाच जणी एकत्र बसून चहा पीत होत्या. मथुराच्या मागे, पाठ आमच्याकडे करून, निशा कोलंबी सोलत बसली होती. तिने वळून पाहिलं नाही. वेण्या घातलेल्या नव्हत्या, केस नुसते बांधलेले होते. फळ्याजवळची मुलगी आणि ही मुलगी एकच आहेत असं सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मला भडभडून आलं, पण ती वेळ माझ्या रडण्याची नव्हती.

“मथुराताई, माझी चूक झाली.”

“बघितलं मी. तुमचा माफीचा व्हिडिओ. सगल्या दांड्यात फिरला.” तिने हातातला कप खाली ठेवला. “बाई, तुम्ही माफी मागितली, बरं केलं. पन पोर शालेचं नाव काढत नाय. रविवारी गिऱ्हाईक आलं, बिल्डिंगमधली बाई, चांगली बाई हाय. हिला बघून म्हनते, अगं, तूच ना ती व्हिडिओवाली? आनि हसली. तेव्हापासनं ही माझ्याजवल पन पुढं बसत नाय. मागं बसते. मी तिला सांगितलं, दिवालीनंतर शालेत नको जाऊस. माझ्या बहिनीकडं सुकी मासली करायला मानूस पायजे. तिथं तुला कोन बघनार नाय.”

दिवाळीला तीन आठवडे होते. एकदा पोरगी सुक्या मासळीला बसली की परत येत नाही, हे मी चार पोरींच्या बाबतीत पाहिलं होतं. मी ठरवलं की आज काहीही झालं तरी इथून नुसतं हात हलवत जायचं नाही.

“ताई, मी खूप लोकांना सांगेन की ती बरोबर होती. आमच्या पेजवर…”

“तुमचं पेज, पेज.” मथुराने ब्लाऊजमधून फोन काढला. “हे बघा. माझं स्टेटस. रोज सकाली सहाला टाकते. आज काय आलं, ताजं हाय का, कल्ले लाल हायेत का. मान्सं दोनशे. त्या दोनशेतल्या चालीस येतात. मी चार लाखांना दाखवून काय करू? चार लाखांना मासे आनू कुठनं?” ती थांबली. “आनि माझं तोंड नाय यात कधी. माल दाखवते मी.”

मी तिचं स्टेटस बघत राहिले. सुरमई, बोंबील, एका कोपऱ्यात तिचा बांगड्या भरलेला हात, बास. माझ्या शाळेत दोनशे चाळीस मुलं आहेत. त्यांच्या आया, बाप, आज्ज्या धरल्या तर पाचशे माणसं. मला बोलायचं आहे ते या पाचशेंशी. बाकीच्यांना मी चार महिने काय दाखवत होते?

हे मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण मथुरा पहिल्यांदाच थोडी हसली. मग म्हणाली, “बाई, तुम्ही म्हंटलं माझी पोर बरोबर. कसं बरोबर, ते तुम्हाला कललं का? का नुसतं म्हंटलं?”

“कळलं.”

“मग बसा.” तिने खोका उघडला आणि माझ्यापुढे पाटीवर बोंबील ओतले. “साठ हायेत. करा पाच वाटे.”

बाकीच्या कोळणी चहा सोडून सरकल्या. सरांनी सवयीने खिशातून फोन काढला, मग माझ्याकडे बघून हाताला चटका बसल्यासारखा परत ठेवला. मी मथुराला विचारलं, “घेऊ का?”

“तुमचं तोंड घ्या, माझी पाटी घ्या. पोरीचे हात आले तर हात. तोंड नाय.” आणि मागे न बघता मोठ्याने म्हणाली, “आनि टाकायचं का नाय, ते निशा सांगंल.”

निशाची सोलणारी बोटं थांबली होती, एवढं मला दिसलं.

सरांनी फोन पुन्हा बाहेर काढला आणि मी साडीचा पदर खोचून बसले. बोंबील हातात धरणं ही काय चीज आहे ते धरल्याशिवाय कळत नाही, सारखे निसटतात. मी बारा बारा मोजून पाच वाटे लावले. नीट ओळीत. एका वाट्याला सगळे जाडजूड आले होते, एकाला करंगळीएवढे.

“गिऱ्हाईक आलं,” मथुरा म्हणाली. पाच जणी पुढे आल्या. रेवती नावाची एक जाडजूड कोळीण बिल्डिंगमधल्या बाईचा आवाज काढून म्हणाली, “आम्हाला फ्रेशच हवेत हं.” आणि पाचही जणींनी एकाच वाट्याला हात घातला.

“अहो, सगळे सारखे आहेत. बारा-बारा,” मी म्हटलं.

“हा वाटा तुम्ही घ्या मग,” रेवती करंगळीवाल्या वाट्याकडे बोट दाखवून म्हणाली. “बालंतिनीला पन पुरायचा नाय.”

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण इरेला पेटले होते. वाटे मोडले. आता एक मोठा, एक बारीक, असं पत्ते वाटल्यासारखं वाटत गेले. घाम फुटला, चष्मा नाकावर घसरला, बोंबलाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. झालं. पुन्हा पाच जणी. यावेळी तीन वाट्यांवर भांडण, दोन तसेच पडून. रेवतीने तर एक बोंबील या वाट्यातून उचलून त्या वाट्यात टाकला आणि दुसरीने तिचा हात धरला.

“बाई, मोजू नका.”

आवाज मागून आला. निशा उठली होती. ओल्या हातांनी ती माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली. तिने माझे पाचही वाटे एका झटक्यात मोडले. मोजणं नाही, काही नाही. नुसतं बघत होती. हाताने ढकलत होती, एक इकडून काढून तिकडे, दोन तिकडून इकडे. एकदा थांबली, मान तिरकी केली, एका वाट्यातला मोठा बोंबील काढून त्याच्या जागी दोन बारीक ठेवले. मिनिटसुद्धा लागलं नसेल.

“घ्या,” ती म्हणाली.

पाच जणींनी हात घातले. पाच वेगळ्या वाट्यांना. रेवतीने शेजारणीच्या वाट्याकडे पाहिलं, आपल्याकडे पाहिलं आणि तिला भांडायला काही सापडलं नाही.

मग मी मोजले. मोठ्याने, एकेक. दहा. चौदा. अकरा. तेरा. बारा.

“साठ,” विशाल सर म्हणाले. फोन खाली करून ते निशासमोर वाकले. “निशा, मी बेल झाली म्हणून तुझं ऐकलं नाही. सॉरी गं.”

निशाने नुसती मान हलवली.

सरांनी व्हिडिओ माझ्या फोनवर पाठवला आणि आम्ही तो तिथेच पाहिला. अप्रतिम झाला होता. माझी फजिती, घसरलेला चष्मा, रेवतीचा नाटकी आवाज, आणि मग ते दोन लहान ओले हात, ज्यांच्यापुढे माझ्या सगळ्या पदव्या फिक्या पडत होत्या. सरांचे डोळे चमकत होते. “मॅडम, हा टाकला ना, की त्या सगळ्यांची तोंडं बंद. बघाच तुम्ही.” उत्साहाच्या भरात त्यांनी अंबादासरावांना मेसेजही करून टाकला होता, जबरदस्त उत्तर तयार आहे म्हणून. दोन मिनिटांत माझा फोन वाजला.

“मॅडम, टाका लगेच. तवा तापलाय. मी सगळ्या ग्रुपवर पाठवतो. जूनचे प्रवेश दुप्पट होतील.”

“निशाला विचारते.”

“कोण निशा?”

मी फोन कानापासून दूर धरला आणि पाच आकडे मोजले. “व्हिडिओतली मुलगी, सर.”

“सातवीतल्या पोरीला विचारून शाळा चालवणार का तुम्ही?”

“यापुढे हो,” म्हटलं आणि फोन ठेवला.

खरं सांगते, मलाही तो टाकायचा होता. कधी नव्हे इतकं काहीतरी टाकायचं होतं. ते गाढवाचा आवाज जोडणारे, ते महाशय, मासे विकणार म्हणणारे ते शेकडो, सगळ्यांच्या तोंडावर मारायचा होता. मी फोन निशाच्या हातात दिला.

“पूर्ण बघ. आवाज लावून. मग सांग.”

तिने पाहिला. चार मिनिटांचा होता. माझा चष्मा घसरला तिथे तिला हसू आलं. मग परत पहिल्यापासून पाहिला. आम्ही सगळे तिच्याभोवती गोळा होऊन उभे, रेवतीसुद्धा. तिने फोन माझ्या हातात दिला.

“नको.”

“पण निशा,” माझ्या तोंडून निघूनच गेलं, “यात सगळ्यांना कळेल ना, की तू बरोबर होतीस.”

“मला माहितेय मी बरोबर होते.” ती माझ्याकडे सरळ बघत होती, फळ्याजवळ बघत होती तशी. “आता तुम्हाला पण माहितेय. सरांना पण.”

मथुरा पदराने बोंबलाची पाटी उगाच पुसत राहिली. विशाल सर माझ्याकडे बघत होते, मी काय करते ते. मी काय करणार होते? तिच्यासमोर व्हिडिओवर बोट दाबून धरलं, कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं, ते दाबलं. “सर, तुमच्याकडचाही,” म्हटलं. त्यांनीही काढला. त्यांचा चेहरा पडला होता. माझाही पडला असेल. अंबादासरावांना तिथूनच लिहिलं, ‘व्हिडिओ नाही. विद्यार्थिनीने नको म्हटलं. यापुढे मुलाने आणि पालकाने हो म्हटल्याशिवाय पेजवर काही जाणार नाही. पुढची पालकसभा सोमवारी दुपारी चार वाजता, स्थळ दांडा बाजार.’ मेमो येणार हे मला माहीत होतं. येऊ दे. फाइलमध्ये जागा आहे.

“झालं,” मी निशाला म्हटलं आणि फोन पर्समध्ये टाकायला गेले.

“नाही झालं, बाई.”

“का?”

“डिलीट केलेलं तीस दिवस फोनमध्येच राहतं. तिकडून पण काढायला लागतं.”

मला हे माहीत नव्हतं. तिने माझ्या शेजारी उभं राहून, बोंबलाच्या वासाच्या बोटाने, कुठे जायचं ते दाखवलं. तिथे खरंच पडून होता तो. आणि त्याच्या खाली तो पहिलाही, सत्तावीस सेकंदांचा, जो शुक्रवारी मी माझ्या समजुतीने कायमचा काढून टाकला होता. फळ्याजवळची निशा, दोन वेण्या. तिने आधी त्याच्याकडे बोट केलं. मी तो काढला. मग वाट्यांचा. फोनने विचारलं, कायमचं काढायचं का? मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि बटण तिनेच दाबलं. सरांनीही आपल्या फोनमधले सगळे तसेच काढले.

मग ती पाटीमागे गेली, सोललेली कोलंबी झाकून ठेवली, बादलीत हात धुतले. आम्ही निघालो. बाजाराच्या तोंडाशी पोचलो असू, तेवढ्यात मागून धावत आली.

“बाई, उद्या गणित कितव्या तासाला आहे?”

“तिसऱ्या,” विशाल सर म्हणाले.

निशाने थोडा विचार केला. “येते मी,” म्हणाली. “पहिल्या तासापासून येते.”